आरशात न पाहता घेतलेली टोपी

मी एक निळी टोपी बोलतेय. कुणी मला हात लावला, की माझ्या मनात पाल चुकचुकते. हा एवढा गोड बोलतोय, म्हणजे याला हवंय तरी काय?

अलाबामातल्या एका लहान गावात, हॅस्केलबाईंच्या दुकानाच्या काचेत मी बसलेली असायचे. कितीतरी गोऱ्या बायकांनी मला आरशापुढे घालून पाहिलं, नाक मुरडलं आणि परत ठेवलं.

मग एक दिवस लुव्हेनिया आली. शिवणकाम करणारी काळी बाई. तिनं माझ्याकडे हात केला, तशी हॅस्केलबाईंनी मला मागे ओढलं.

"लुव्हेनिया, रीत ठाऊक आहे ना? तुम्हा काळ्यांच्या डोक्याला लागली की ती तुझी, पैसे मोजायचेच. मग बसो न बसो."

"मग बांधूनच द्या, बाई."

घरी तिनं मला घातलं, तर मी कपाळाच्या वरच अडकले! तिची चिमुरडी लेक अर्लीन खदखदून हसली. लुव्हेनिया हसली नाही. तिनं माझी मागची शिवण उसवली आणि जुन्या झग्याची काळी पट्टी तिथं जोडली. दर रविवारी ती मला घालून चर्चला जायची, ताठ मानेनं. पण बसायची कायम शेवटच्या बाकावर. मागून कुणाला पट्टी दिसायला नको.

ती गेली आणि मी खोक्यात गेले. तिथं कसर सोडून कुणी माझी चौकशी केली नाही.

यंदा खोकं उघडलं. अर्लीन आता स्वतःच म्हातारी झालीय. गावात सिनेमावाले आले होते. काळ्या बायकांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार कसा घातला, त्याची गोष्ट. आणि सिनेमाची सुरुवात लुव्हेनियापासून. दिग्दर्शक डेझमंड तरुण, काळाच, पण अटलांटासारख्या मोठ्या शहरात वाढलेला. मला त्यानं दोन्ही हातांत अलगद धरलं. तिथंच मला संशय आला.

आणि खरंच, कपडेपट सांभाळणारी मुलगी कात्री घेऊन माझ्यावर वाकली. "मागचं ठिगळ काढते. आरशात वाईट दिसेल."

"कुठला आरसा?" अर्लीननं विचारलं.

"दुकानातला," डेझमंड म्हणाला. "तुमची आई टोपी घालून आरशात बघते. पहिल्यांदाच स्वतःला आवडते. लोक रडतील, अर्लीनबाई!"

"लोक रडतील आणि हॅस्केलबाई देवमाणूस ठरेल. अरे, तिनं घालू दिली असती तर हे ठिगळ आलं असतं का? तुझी आजी कुठली रे?"

"अलाबामातलीच. मॉन्टगोमेरीची."

"तिला विचार, टोपी कशी घ्यायची ते."

"ती नाही आता."

"मग माझं ऐक. माझ्या आईला आरशापुढे उभी करायची नाही. नाहीतर टोपी दे इकडे."

डेझमंडनं मला उलटं केलं. पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "कात्री ठेव."

दुकानातलं दृश्य घेतलं ते खरं घेतलं, माझी पट्टी भिंतीकडे करून. नटीनं हात पुढे केला, मला मागे ओढलं गेलं, आणि "बांधूनच द्या, बाई" असं ती म्हणाली. बाहेर खुर्चीत बसलेली अर्लीन डोळे पुसत होती.

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात डेझमंड कॅमेरावाल्याला हळूच म्हणाला, "एकदा आरशातलंही घेऊन ठेवू. निर्मात्यांना तेच आवडलं तर?"

अर्लीनला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

आता मी पुन्हा खोक्यात आहे. आईची खरी गोष्ट पडद्यावर येणार, असं अर्लीन शेजारणींना सांगत असते. माझं बोलणं तिला ऐकू गेलं असतं तर तिला सावध केलं असतं. म्हणून तुम्हाला सांगतेय. सिनेमा आलाच, तर नीट बघा. आरशात माझ्याखाली हसणारी बाई दिसली, तर समजा, तुम्हालाच टोपी घातली. खुशाल उठून जा.

पण ती चर्चच्या शेवटच्या बाकावर पाठमोरी दिसली, आणि माझ्यावर ती काळी पट्टी दिसली, तर बसून राहा. दिवे लागले तरी.