गाळलेला रकाना

लोहाऱ्याच्या आमच्या कॉलेजात अक्रमनं आणि मी आठ जुने कॉम्प्युटर तारांनी जोडले होते. एकच मोठं गणित आठांनी वाटून सोडवायचं. मी कायम नोकरीतला, अक्रम तासिकेवर. विद्यापीठाच्या समितीला काम पटलं तर आमचा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम टिकणार, नाहीतर अक्रमची नोकरी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मशिनांनी एकमेकांना निरोप द्यायच्या दोन पद्धती आम्ही ताडून पाहत होतो. अक्रमची पीव्हीएम, जुनी. माझी एमपीआय, नवी. माझ्या पद्धतीनं गणित सतरा मिनिटांत सुटलं, त्याच्या पद्धतीनं तेवीस मिनिटांत. मी जिंकलो आणि तसं त्याला तोंडावर सांगितलंही. आपला तो बाब्या.

"पण सर, एखादं मशीन मधीच बंद पडलं तर?" अक्रम म्हणाला. "तुमचं सगळंच काम थांबतंय. माझ्यात बाकीच्यांना निरोप जातो, ते राहिलेलं वाटून घेतात. इथं लाईटीचा काय भरवसा हाय?"

"बॅटरी आहे की," मी म्हणालो. अहवालातला 'मशीन बंद पडल्यास' हा रकाना मी गाळून टाकला. त्यात माझी बाजू लंगडी पडत होती, दुसरं कारण नव्हतं.

समिती आली. माझा प्रोग्राम सुरू होऊन बारा मिनिटं झाली, तेवढ्यात प्राचार्यांना आठवलं, आधी सत्कार. शाल, नारळ, माइक. माइकला जागा सापडेना, म्हणून शिपाई बंडप्पांनी बॅटरीच्या बोर्डावरची सहा नंबरच्या मशीनची पिन काढली आणि माइकची लावली. आठांचंही काम तिथंच थांबलं.

"आठातलं एकच काढलं म्या," बंडप्पा म्हणाले. "सातावर भागंल वाटलं."

अध्यक्षांनी नारळ घेतला आणि वही मिटली. महिन्याभरात अभ्यासक्रम बंद केल्याचं पत्र आलं.

अक्रमची नोकरी गेली. जाताना तो एवढंच म्हणाला, "सहा नंबरचा पंखा अडकतोय सर. सुरू करताना बोटानं फिरवत जावा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा लॅबमध्ये एकटाच बसलो. त्याचा प्रोग्राम लावला आणि बाराव्या मिनिटाला सहा नंबरची पिन स्वतःच्या हातानं काढली. सातांनी काम वाटून घेतलं आणि पंचवीस मिनिटांत बरोबर उत्तर दिलं. वरातीमागून घोडं. मी गाळलेला रकाना भरला आणि अक्रमला फोन करून सांगितलं.

"व्हय सर," तो म्हणाला. "मला ठावंच हुतं."

नोकरी गेल्यावर त्यानं टाकलेल्या दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं फोन ठेवला.