पीचचा जॅम

सगळ्यांनी वेड्यात काढलं, तरी ताईनं या उन्हाच्या गावात पीच लावलेच. थोड्याशा थंडीवर फुलणारी जात होती. तिसऱ्या वर्षी झाडं लगडून गेली. झाडं ताई बघायची, विक्री धाकटा भाऊ.

फळं पिकू लागली आणि फळमाशी आली. वरून फळ गुलाबी, देखणं. सालीवर टाचणीनं टोचल्यासारखं भोक. फोडलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसायच्या. ताई रोज सकाळी खाली पडलेली फळं वेचून बादल्या भरायची आणि खोल पुरायला भावाकडे द्यायची. कितीही साबण लावला तरी हातांचा आंबूस वास जाईना. घास तोंडाशी आला की ती तो परत ताटात ठेवायची.

एका दुपारी ती कात्री घ्यायला शेडमध्ये गेली. भाऊ मोठ्या पातेल्यात गर शिजवत होता. शेजारी तिच्याच बादल्या, रिकाम्या. चाळणीत साली, बिया आणि अळ्यांचा लगदा.

"हे काय रे?"

"जॅम. उकळल्यावर सगळं सारखंच. मागच्या आठवड्यातही केला होता, कुणाची तक्रार आली?"

"आईला बरणी दिली होतीस, ती यातलीच?"

"आवडली की तिला!" तो हसला.

ताईनं पळीभर गर त्याच्या तोंडासमोर धरला. "खा."

त्यानं मान फिरवली. "मला गोड चालत नाही."

"काल अर्धा केक एकट्यानं चेपलास की!"

तो एक पाऊल मागे सरकला.  ताई बाहेर नळापाशी जाऊन ओकली. मग चूळ भरून आत आली, पातेलं ओढत खड्ड्यापाशी नेलं आणि पालथं केलं. संध्याकाळपर्यंत दुकानांतल्या बरण्याही परत आणल्या.

आईला तिनं सगळं सांगितलं. आई बराच वेळ बेसिनपाशी चुळा भरत राहिली.

पुढच्या हंगामात ताईनं प्रत्येक फळाला कागदी पिशवी बांधली. पीच स्वच्छ निघाले; गिऱ्हाइकं शोधत यायला लागली. तिला मात्र एकही फळ तोंडात घालवेना.

भाऊ आता दुसरीकडे नोकरी करतो. कधीमधी येतो. ताई त्याला चहा करून देते. पण कप त्याच्या हातात देत नाही, ओट्यावर ठेवते आणि बाहेर झाडांकडे निघून जाते.