चुलीपर्यंत जाणारी चप्पल

शेवटचा साधा दिवस बुधवार होता. शहाद्याची शाळा सुटल्यावर मी म्हसावदला घरी आले, तेव्हा आई ओट्याशी उभी राहून लाल मिरच्यांची देठं खुडत होती. दारातच मला शिंका आल्या.

"मास्तरीन उनी वाटस," ती मागं न बघता म्हणाली.

चहा मीच ठेवला. तिनं डाव्या पायातली चप्पल काढून माझ्यापुढं धरली. अंगठ्याखालचं कापड झिजून आतला फोम दिसायला लागला होता.

"तुन्हा हेमकांतले फोन कर. सांग, गादी फाटनी."

"माझा कशाला? तुझा हेमकांत."

"मन्हा कसाना? फोन तू करस, गप्पा तू मारस. मी फक्त पाय देस."

शनिवारी नंदुरबारला जायचं ठरलं. जेवताना भरीत तिखट झालंय असं मी म्हटलं, त्यावर ती म्हणाली, मंग दही घे. एवढंच. गुरुवारी सकाळी ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

साखरेनं आईचे पाय बधिर झाले होते. काळ्या रानात जिचा जन्म गेला, ढेकळांतून अनवाणी चालताना जिला तळव्यानं ओल कळायची, तिला आता स्वतःच्या पायाची खबर डोळ्यांनी घ्यावी लागे. फरशीवर रक्ताचा ठिपका दिसला की ती विचारायची, "कोनले लागनं?" लागलेलं तिलाच असायचं.

अंगठ्याखालची पहिली जखम भरायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. मग डॉक्टरांनी आम्हाला नंदुरबारला हेमकांतकडे पाठवलं. हा मूळचा विसरवाडीचा. मुंबईला शिकून आला होता आणि पायाच्या मापानं चपलांच्या आतल्या गाद्या बनवायचा. त्याच्या दुकानात पुढं दोन खुर्च्या, मागं भट्टी, घासायचं यंत्र आणि फळीवर मांडलेले प्लास्टरचे पांढरे पाय. आई पहिल्यांदा आत शिरली तेव्हा त्या पायांकडं बघून दारातच थांबली.

"या कोनना पाय शेत?"

"गावोगावचे, मावशी. माणसं घरी गेली, पाय माझ्याकडं राहिले."

तिला हा माणूस तिथंच आवडला.

त्यानं फोम भरलेला एक चपटा खोका तिच्यापुढं ठेवला आणि पाय सरळ खाली दाबायला सांगितला. फोम चुरचुरत खाली गेला आणि तसाच राहिला. "ओल्ली रेतीमा पाय ठेवा सारखं," आई म्हणाली आणि दुसरा पाय न सांगताच पुढं केला. त्या ठशात तो प्लास्टर ओतणार, त्यातून पाय निघणार, त्या पायावर तापवलेला फोम दाबून गादी घडणार. जिथं जखम होती तिथं खळगा ठेवायचा आणि सगळ्यांत मऊ थर घालायचा, म्हणजे चालताना भार बाजूला वाटला जातो. मी प्रश्न विचारत होते. आई खोक्यातल्या आपल्या पावलाकडं बघत बसली होती.

पहिली जोडी छान झाली. वर मऊ कातड्याचा पातळ थर होता. चार महिन्यांनी जखम पुन्हा उघडली.

हेमकांतनं चप्पल उलटसुलट करून पाहिली. "मावशी, घालता ना?"

"घालस ना. रोज."

"घरात?"

"घरमा, वसरीमा, अंगनमा."

त्यानं गादीवरून बोट फिरवलं. "मग हिच्यावर हळदीचा एक डाग कसा नाही?"

आई माझ्याकडं वळून, जणू मीच विचारलं होतं अशी, म्हणाली, "चुल्हाकडे चामडं कसं लई जाऊ? तठे देव शेत."

आमच्याकडं गॅस येऊन वर्षं झाली, तरी स्वयंपाकघराला ती चुल्हाच म्हणायची. देव्हारा तिथल्याच कोनाड्यात. दिवसाचा अर्धा वेळ ती तिथं उभी असायची आणि चप्पल उंबऱ्याबाहेर वाट बघत असायची. अंगठा जिथं जपायला हवा होता, नेमकी तिथंच ती अनवाणी होती.

हेमकांत रागावेल असं मला वाटलं. तो मागं गेला आणि सगळ्या मालाचे तुकडे आणून त्यानं तिच्या ओटीत टाकले.

"तुम्हीच निवडा. काय चालेल ते."

तिनं एकेक तुकडा हातात घेतला, दाबला, हुंगला.

"हाई काय?"

"बूच. झाडाची साल."

"चालस. आनि हाई?"

"रबर. हवा भरून मऊ केलेलं. तेही झाडाचाच चीक."

"आनि हाई पांढरं?"

"ईव्हीए. कारखान्यात होतं."

"जनावरनं नही ना?"

"नाही हो मावशी."

"आनि चिकटाडस कसाघाई?"

"सोल्युशन. तेही रबराचंच. आता देवाला विचारून सांगता की इथंच?"

"देवले मी सांगसू. तू चप्पल कर."

राहिला वरचा थर. तिनं आपल्या जुन्या सुती पातळाचा पदर धुऊन, इस्त्री करून नेला. बारीक हिरव्या चौकड्यांचा. हेमकांतनं मान हलवली. म्हणाला, कापड टिकत नाही, झिजलं की टाच घसरते, दर तीन-चार महिन्यांनी बदलावं लागेल. रेक्झिन घाला. आईनं रेक्झिनचा तुकडा चिमटीत धरला. "घाम मरस यामा. आमी ईसूत."

आणि आम्ही जात राहिलो. कापड झिजायचं आणि आम्ही निघायचो. शनिवारी पहिली बस धरून शहादा, तिथून नंदुरबार. प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर गाडी आली की आई खिडकीशी सरकायची. तिचं नाव तापीबाई. नदीला ती नावबहीण मानायची. "काय वं, बरी शे ना?" असं खिडकीतून पुटपुटायची. एका उन्हाळ्यात पात्र पार आटलेलं बघून म्हणाली, "इलेबी साखर व्हयनी वाटस." पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला.

घरी ती कामापुरतं बोलायची. बसमध्ये मात्र तिचं तोंड उघडायचं. बहुधा दोघींचे हात रिकामे असायचे म्हणून. तिनं मला सांगितलं की लग्नाआधी तिनं माझ्या वडलांना पाहिलंच नव्हतं. अंतरपाटाखालून फक्त पावलं दिसली. "पाय बरा दिसनात. म्हनं, चाली जाई." वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती खूप वेळ हसत राहिली, मग पदरानं चष्मा पुसला.

हेमकांत जुनं कापड सोलून नवं चिकटवेपर्यंत ती त्याला कापूस, केळी, भावकी असं सगळं सांगायची. परतताना स्टँडजवळ फाफडा. आणि जिलबीचं एक कडं, जे तिला चालत नव्हतं. "डॉक्टरले सांगू नको," ती म्हणायची आणि अर्धं मोडून मला द्यायची, म्हणजे गुन्ह्यात दोघी.

मिरचीचा हंगाम असला की गावाबाहेरची मैदानं लाल झालेली असायची. बस तिथून जाताना सगळी गाडी खोकायची आणि आई नाकाला पदर लावून म्हणायची, "मी कातडं चालू दिधं असतं, ते तुन्हा इतला फेरा नही व्हतात." मी म्हणायचे, "असू दे." तिला वाटायचं मी कर्तव्य करते आहे. पुण्याच्या कॉलेजातली नोकरी सोडून मी शहाद्याला आले तेही तिच्या पायासाठी, असं तिनं मनात धरलं होतं आणि सगळ्या नात्यानंही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. माझा भाऊ नवनीत सुरतेहून दानासाठी नवी छत्री आणि नवी चप्पल घेऊन आला होता. ते दान रीतसर झालं. आईची जुनी जोडी मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत होती. तिथं यायची परवानगी असलेली घरातली तेवढी एकच चप्पल.

धानोऱ्याची निर्मला फुई, वडलांची बहीण, तिथं येऊन उभी राहिली. "गयेल मानूसनी वहान घरमा ठेवतंस नही. आज जावाले जोयजे."

"ठेवू दे, फुई."

"ठेवू दे काय? धनू! आठे ये वं."

धनुबाई आमच्याकडं भांडी घासते. आई गेली त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं तीच रडली होती. ती हात पुसत आली.

"हाई लई जा. चांगली शे, बनाडेल शे."

"फुई, ती दुसऱ्याच्या पायाला चालत नाही," मी म्हणाले. "आईच्या जखमेपुरता खळगा आहे तिच्यात. दुसरा पाय घातला तर भार भलतीकडंच पडेल. दुखेल तिला."

"दान कधी कोनले दुखनं का?"

तोवर धनुबाईनं बिचारीनं डावा पाय आत घातला होता. दोन पावलं टाकली. थांबली. चेहऱ्यावरचं अवघडलेलं हसू गेलं. तिनं पाय अलगद, कुणाला धक्का लागू नये तसा, बाहेर काढला.

"नको बाई. यामा त्याच उभ्या शेत."

फुईनं पदर सावरला. ती वाईट बाई नाही. माझ्या बारावीच्या निकालाला तिनं गावभर पेढे वाटले होते.

"मंग तापीमा सोडी या. पन आते उचल. पोरी, कोनी बोलत नही म्हनीसन मी बोलस. या चप्पलास्नी तुले खाई टाकं. पुनानी नोकरी गयी, चांगलं स्थळ गयं. शनिवार दखा का या दोन्ही मायलेकी बसमा. त्या पायना मांगे तू झिजी गयी. आते तरी मोकळी व्हय."

कुणी काही म्हणालं नाही. नवनीत खाली बघत होता. त्या गप्प बसण्यात सगळ्यांचा होकार होता आणि आई असती तर तिचाही असता. ही जोडी आता नदीत गेली, तर हेच खरं म्हणून कायमचं राहणार होतं.

आमच्या घरात कुणी कुणाला आवडतं असं म्हणत नाही. भाजीलासुद्धा बरी झालीय म्हणतात. मी आठवून पाहिलं, एवढ्या फेऱ्यांत मी आईला एकदाही ते म्हटलं नव्हतं.

मी उंबऱ्याशी बसले. चपला उचलल्या नाहीत, फक्त डाव्या गादीवरच्या विरलेल्या चौकड्यांवर हात ठेवला. तिथं हळदीचे डाग होते, तेलाचे होते, आणि अंगठ्याच्या जागी तो खळगा.

"या कुठं जाणार नाहीत, फुई," मी म्हणाले. "मला कुणी झिजवलं नाही. मी माझ्या मनानं आले होते."

फुई काहीतरी बोलायला गेली, पण मी आता तिच्याशी बोलत नव्हते. शिकायला लागल्यापासून मी आईला शाळेच्या मराठीतच उत्तरं देत आले. त्या दिवशी ती भाषा आली नाही.

"माय," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "माले तुन्हासंगे नंदुरबारले जावाले आवडे. भलतं आवडे."