बाकावरच्या बाबांचं चित्र

हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. माझ्या बायकोनंही चाळीस वर्षांत कधी ठेवला नाही, तरी संसार झालाच की.

सार्वजनिक कलादालनात मी चित्रं टांगायचो. तिथला नियम असा, की मुलाचं चित्र लावायचं तर 'हो' त्या मुलानंच म्हणायचं. मास्तरांनी नाही, आईबापांनी नाही. चिठ्ठीवर आपल्या हातानं बरोबरची खूण करायची. नंतर नको वाटलं तर नको. कारण विचारायचं नाही.

एकदा प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी नऊ वर्षांची एक चिमुरडी माझ्या शिडीखाली येऊन उभी राहिली. आज ती याच टेबलाशी चहा पितेय. तिला विचारूनच सांगतोय. तिचं चित्र सगळ्यांना भारी आवडलेलं: बागेतला बाक, त्यावर मांडीवर डबा घेऊन बसलेले बाबा. दारावरचा मोठा फलकही त्याचाच छापून आला होता.

"काका, हे काढा ना. उद्या आई येणारे."

मग हळूहळू बाहेर आलं. बाबांची नोकरी जाऊन दोन महिने झालेले, आईला पत्ता नव्हता. ते रोज डबा घेऊन निघायचे आणि बागेत बसायचे. पोरीनं शाळेच्या सहलीत पाहिलं, तसंच काढलं, आणि मास्तरांनी न विचारता पाठवून दिलं.

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला. मुलं चाळीस, आणि चाळीसही खुणा एकाच पेनाच्या, एकाच झोकाच्या. मास्तरांनी वेळ वाचवला होता.

मी थेट दालनाच्या संचालकबाईंना बोलावलं. बाई अशा कडक, की त्यांच्या चपला वाजल्या की पुतळेसुद्धा पाठ ताठ करायचे. चित्रं पोचवायला आलेले मास्तर म्हणत होते, फलक छापून झालाय, पाहुणे काय म्हणतील, एवढ्याशा पोरीचं काय ऐकायचं. बाई पोरीसमोर जमिनीवर बसल्या.

"चित्र तुझं आहे. ठेवायचं का?"

पोरीनं मान हलवली. नाही.

बाईंनी कारण विचारलं नाही. फलक गुंडाळून ठेवायला लावला आणि उरलेल्या एकोणचाळीस मुलांकडे मास्तरांना नव्या चिठ्ठ्या घेऊन पिटाळलं. पोरीचे कानाला टेकलेले खांदे तेव्हा कुठे खाली आले.

रविवारी बाबांनी आईला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आई आधी भडकली, मग म्हणाली, तरीच हल्ली डबा चाटूनपुसून येतोय.

पण चित्र उतरलं कसं, ते राहिलंच. खिळा वीतभर लांब, मीच ठोकलेला. सात जण लोंबकळलो, भिंत कुरकुरली, खिळा हलेना. शेवटी पोर पुढे आली, हलकेच 'नको' म्हणाली, आणि खिळा आपणहून सुटून थेट माझ्या खिशात...

"काका," कप खाली ठेवत ती म्हणाली, "खिळा नव्हताच. दोरीला चिमट्यानं लावलं होतं. बाईंनी स्टूल धरलं आणि मीच काढलं."