महामार्गाखालची वाट

तलासरी तालुक्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दोन अंगांना दोन पाडे आहेत. पूर्वेला खडकपाडा, पश्चिमेला आंबेपाडा. एकीकडे चूल पेटली की दुसरीकडून धूर दिसावा इतके ते जवळ. पण मधून सहा पदरी रस्ता धावतो आणि त्याच्या मधोमध छातीएवढा दुभाजक. शाळा, रेशनचं दुकान, एसटीचा थांबा, सगळं पश्चिमेला. खडकपाड्यातल्या माणसाला काहीही हवं असलं की जीव मुठीत धरून पळत रस्ता ओलांडायचा.

मयुरा डहाणूची. चिकूच्या वाडीत वाढलेली आणि पुण्याला नगररचना शिकून परत आलेली. पायी चालणारे, सायकलवाले आणि एसटीने जाणारे यांच्यासाठी आराखडा करण्याचं काम तिच्या छोट्याशा कचेरीला मिळालं होतं. तिथले वरिष्ठ इंजिनिअर दीपेशसर आणि ती, दोघांनी मिळून खडकपाड्यासाठी लोखंडी पादचारी पूल काढला होता. कागदावर तो फार देखणा दिसायचा.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात ती जागा बघायला आली. एसटीतून आंबेपाड्याला उतरली, तेव्हा उतारावर पाचसहा बकऱ्या चरत होत्या. त्यातली एक कानाजवळ पांढरी, गळ्यात फुटकी घंटा. मयुरा पुढे गेली आणि रस्त्याकडेला उभी राहिली.

पलीकडून एक बाई आली. डोक्यावर गवताचा भारा. ट्रकांमधली फट बघून ती धावली, दुभाजकापाशी आली, भारा आधी पलीकडे टाकला आणि मग लुगडं सावरत स्वतः चढली. तेवढ्यात एक कंटेनर भोंगा वाजवत असा गेला की भाऱ्यातलं गवत उडून तिच्या तोंडावर आलं. ती अलीकडे पोचेपर्यंत मयुरा तिच्यावरची नजर काढू शकली नाही. ही बाई हा भारा घेऊन जिना चढेल, पूल ओलांडेल, जिना उतरेल? मयुराचं तिचं तिलाच पटेना.

त्या बाईचं नाव जमना. भारा विकून झाल्यावर ती म्हणाली, "घरी चल बाय, पाणी पी." परतताना जमनाने मयुराचा हात असा घट्ट धरला की पलीकडे गेल्यावर मनगटावर बोटं उमटलेली दिसली.

अंगणात जमनाची सासू बारकी आजी शेंगा सोलत बसली होती. मयुरा पाणी पीत होती, तोच घरामागून घंटा वाजली. फुटकी घंटा. कानाजवळची पांढरी बकरी आरामात अंगणात शिरली, मागोमाग बाकीच्या.

"ही तुमची?" मयुराने भांडं खाली ठेवलं. "सकाळी ही पलीकडे चरत होती. हिला कोण घेऊन आलं?"

"कोण कशाला आणेल? त्या येतात आपल्या आपण."

"महामार्गावरून?"

जमना बोलायला गेली आणि थांबली. तिने बकरीकडे बघितलं, सासूकडे बघितलं. "नाय गं," ती हळूच म्हणाली. "वरून आल्या असत्या तं एक तरी मेली असती."

मयुरा त्या रात्री तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती आणि जमना बकऱ्यांच्या मागे निघाल्या. बकऱ्या पावसाळी ओढ्याच्या कोरड्या वहाळात उतरल्या, करवंदीच्या जाळीत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. जमनाने कोयत्याने जाळी बाजूला केली. समोर महामार्गाचा भराव होता, आणि भरावाच्या पोटात एक काळं तोंड. पावसाळ्याचं पाणी जाण्यासाठी बांधलेली मोरी. गाळाने अर्धी भरलेली आणि करवंदीने अशी झाकलेली की रस्त्यावरून ती कुणाला दिसतच नव्हती.

दोघी वाकून आत गेल्या. आत गारवा होता. डोक्यावरून काहीतरी अवजड गेलं, तो आवाज कानांआधी पायांना कळला. मयुराने हात वर करून तळवा छताला टेकवला. दोन मोठ्या शहरांमधला सगळा भार त्या काँक्रीटमधून थरथरत धावत होता. आणि खाली, हाताच्या अंतरावर, एक बकरी निवांत पाला चघळत उभी होती. पलीकडच्या टोकाला आंबेपाड्याचं ऊन दिसत होतं. इतकी वर्षं इतकी माणसं वर जिवाशी खेळत होती, आणि ही शांतता इथे खाली पडून होती!

"आम्ही वर मरतो," जमना कुजबुजली, "आन् वाट तं खाली निजलीय."

मयुराने गाळात काठी खुपसली. काठी जात राहिली, जात राहिली, कमरेच्याही वर गेली तेव्हा कुठे तळ लागला. गाळ काढला, तर डोक्यावर भारा घेतलेलं माणूस ताठ चालत जाईल एवढी ती मोरी उंच होती.

दीपेशसर आधी ऐकेनात. "मोरी पाण्याची असते, मयुरा. पावसाळ्यात काय करशील?"

"पाण्याला त्याची जागा ठेवू, सर. एका अंगाने उंच कट्टा बांधू, चालायला. तुम्ही एकदा आत येऊन तर बघा."

ते आले. आत उभे राहिले. वरून ट्रक गेला तसं त्यांनी नकळत मान खाली घातली, मग पलीकडच्या उजेडाकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर पँटचा चिखल झटकत एवढंच म्हणाले, "पूल राहू दे. हेच करू."

पुढे परवानग्यांमध्ये बरेच महिने गेले. मधल्या पावसाळ्यात मयुरा छत्री घेऊन वहाळाच्या काठी उभी राहिली. पुराचं पाणी भिंतीवर कुठवर चढतं ते जमनाने तिला कोळशाच्या रेघेने दाखवलं, आणि कट्टा त्या रेघेच्या वर घेतला. वर दुभाजकात फट पाडली आणि तिच्यावर जाळी बसवून उजेड खाली आणला. तोंडाशी पायऱ्यांऐवजी लांब, हलका उतार केला, सायकलवरून न उतरता जाता यावं म्हणून. एसटीचा थांबाही मोरीच्या तोंडाशी सरकला.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात वाट खुली झाली. नारळ फुटायच्या आतच सायकलींवरच्या मुली घंट्या वाजवत आतून निघून गेल्या. भारे गेले, हंडे गेले, पाठीवरची पोरं गेली. मयुरा बाजूला उभी राहून बघत होती. कागदावरची रेघ अशी चालताना तिने कधी पाहिली नव्हती.

मग बारकी आजीने काठी टेकत तिला हाक मारली. "मला ने पल्याड."

"आजी, तिकडे काय काम?"

"माझी बहीण हाय ना, गंगी. रस्ता मोठा झाल्यापासून तिच्या दारात नाय गेले. पाय पळत नायत आता."

मयुराला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने आजीचा हात धरला. मध्यावर, जाळीतून ऊन पडत होतं तिथे, आजी थबकली. डोक्यावरून गाड्या गडगडत गेल्या.

"त्या वर?"

"हो, आजी."

"आन् आपण खाली." आजीने भिंतीवर हात फिरवला, देवळाच्या उंबऱ्यावर फिरवावा तसा. मग ती हसली, तोंडाला पदर लावून, लहान मुलीसारखी.

पलीकडच्या तोंडाशी एक वाकलेली म्हातारी डोळ्यांवर हात धरून उभी होती. कुणीतरी तिला सांगितलं असावं. दोघी एकमेकींसमोर आल्या. गंगीने बारकीच्या तोंडावरून बोटं फिरवली, कपाळ, गाल, हनुवटी, आणि शेवटी म्हणाली, "तू किती म्हातारी झालीस गं!"

एवढ्यात तलासरीची एसटी थांब्यावर येऊन लागली. कंडक्टर ओरडला, "चला, कोण येतंय?" दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तलासरीच्या बाजारात त्यांचं काही काम नव्हतं. तरी आधी गंगी चढली आणि तिने वरून बहिणीला हात दिला. खिडकीला नाक लावून त्या दोघी बाहेर बघत राहिल्या, आणि गाडी सुटली.