तूर्त निम्मी द्यावी

ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. नव्या अँटिव्हायरसला संपूर्ण डिस्क तपासायची परवानगी हवी होती, म्हणून मी साहेबांपुढे अर्ज ठेवला.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सगळी कपाटं उघडून देतात का?" आणि शेरा मारला, 'तूर्त निम्मी द्यावी.'

"साहेब, व्हायरस उरलेल्या निम्म्यात असला तर त्याला दिसणारच नाही."

"बघू."

मी निम्मे फोल्डर बंद ठेवले. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर अहवाल आला, 'एकही धोका आढळला नाही.' साहेबांनी त्याची प्रत माझ्या टेबलावर आपटली.

"शिका जरा. तुम्हाला सगळ्या परवानग्या दिल्या, तर रोज नवा धोका घेऊन येता. याने निम्म्यातच सगळं आलबेल करून दाखवलं."