आष्टीची निकाली मैफल

संपत मास्तरांचं डोकं फिरलं होतं, आणि का फिरू नये? बदनापूरच्या शाळेत पोरांकडून घसा फोडून प्रार्थना म्हणवून घ्यायची आणि वर स्वतःचं गाणं जपायचं, हे काय खायचं काम आहे? वर्षाकाठी एखादी मैफल मिळायची. या खेपेला मस्तगडात मिळाली. तबल्याला नेहमीचा बद्रीनाथ, सायकलचं दुकान सांभाळून वाजवणारा, लहानपणापासूनचा दोस्त. मैफल अशी काही जमली की म्हणता सोय नाही. आणि दोन दिवसांनी पेपरात सर्जेरावाचं परीक्षण आलं.

हा सर्जेराव कुस्त्यांचा वार्ताहर. जत्रेतल्या फडाची बातमी त्यानंच लिहावी. पण गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. दुसरं कुणी मिळेना म्हणून पेपरवाल्यांनी त्याला धाडलं, आणि गड्यानं लिहिलं :

‘मस्तगडात तुंबळ मैफल! गायक संपत यांनी संथ खेळ करून अर्धा तास वाया घालवला. नंतर तबलजी बद्रीनाथ आक्रमक झाले. तंबोरेवाल्याने अखेरपर्यंत एकच सूर धरून निःपक्षपाती पंचाचे काम केले. शेवटी तबलजींनी लागोपाठ तीन थापा हाणताच गायक गप्प झाले व हात जोडून त्यांनी पराभव मान्य केला.’

आता बोला! मैफल संपली की माणूस नमस्कार करतो, तर हा म्हणतो पराभव!

“हारलात म्हणं?” चांगुणाबाई भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाली. “शेजारची सोनूबाई इचारून राह्यली, लागलं-बिगलं तर न्हाई ना मास्तरांना?”

पहिल्या दिवशी मास्तर आणि बद्री दुकानात बसून पोट धरधरून हसले. पण मस्तगडची माणसं येऊन बद्रीच्या पाठीवर थाप मारायला लागली. कुणी पेढे आणले. आठवडाभरात बद्रीनं ते कात्रण दुकानात काचेत लावलं. मास्तरांनी टोमणा मारला, तर हा म्हणतो कसा, “त्यानं लिहिलं वंगाळच. पन संपत्या, शेवटाला तू दमला व्हतास, हे काय खोटं न्हाई.”

मास्तरांच्या काळजात चर्र झालं. ज्यानं शेजारी बसून वाजवलं, त्यानंच पेपरावर विश्वास ठेवावा?

तेवढ्यात आष्टीचा सांगावा आला. यंदाच्या जत्रेत दोघांची पुन्हा लावायची, निकाली. जिंकणाऱ्याला फेटा आणि मानाचा नारळ.

“गाणं हाय ते, गाणं! कुस्ती न्हाई!” मास्तर ओरडले.

“मी तर होय म्हणून बसलो,” बद्री म्हणाला. “भेतोस का?”

झालं. मास्तर गेले. मनात एक वेडी आशाही होती, की एवढी माणसं जमतील, चार जणांच्या तरी कानात सूर पडेल.

माणसं जमली, पण कशी? आखाड्याभोवती गोल करून! मधे सतरंजी, एका अंगाला हलगीवाला, दुसऱ्या अंगाला शिट्टी घेतलेला पंच. मास्तरांनी डोळे मिटून पहिला सूर लावला. खरंच चांगला लागला हो! पण दहा मिनिटांत मागून आरोळी आली, “मास्तर, घुमता किती? भिडा की जल्दी!”

आणि बद्री भिडला. मास्तर हळू जायला बघत होते, हा लय वाढवत होता. मास्तरांनी डोळ्यांनी विनवलं. त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. गर्दी चेकाळली. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं घासून कमावलेलं गाणं, आणि ही जत्रा! आणि हा माझा दोस्त!

सम म्हणजे गाणाऱ्यानं आणि वाजवणाऱ्यानं मिळून गाठायची जागा. लय फार चढली की बद्री मोजत बसत नसे. मास्तरांची मान कुठं पडते तेवढं बघायचा आणि तिथं बिनधोक थाप द्यायचा. हे त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी मुद्दाम मान खाली दिली. समेच्या एक मात्रा आधी.

बद्रीची थाप एकटीच पडली. तिच्यामागून मास्तर झोकात समेवर आले. मात्रा-बित्रा गर्दीला काय कळणार? पण बद्रीचा उतरलेला चेहरा सगळ्यांना कळला.

“पडला! पडला!”

शिट्टी वाजली, हलगी कडाडली, गुलाल उडाला. मास्तरांना चौघांनी खांद्यावर घेतलं, डोक्याला फेटा गुंडाळला. “मास्तर, डाव कोंचा टाकला वो?” ज्यानं त्यानं हेच विचारलं. राग कोणता गायलात, हे एकानंही विचारलं नाही.

खाली बद्री तबल्याला गवसणी घालत होता. मास्तरांनी वरूनच हाक मारली, “बद्री! अरे थांब!”

त्यानं मान वर केली. डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

“तुझ्या मानेकडं बघून वाजवत आल्तो रे मी,” तो म्हणाला. “आता कुठं बघू?”

“चुकलं रे माझं!” मास्तर खांद्यावरून ओरडले. पण मिरवणूक पुढं निघाली होती, आणि हलगीवाला रंगात आला होता.